बिनमुळाची अळंबी

आमच्या घरात अजून सांगतात, की वहिनीनं एकदा सगळ्यांना विषारी अळंबी खाऊ घातली. परवा भावाच्या नातवाच्या बारशालाही पंगतीत कुणीतरी वहिनीच्या नावानं ओरडलं, "काकूनं रांधलंय का? मंग आधी कुत्र्याला घाला!" सगळे हसले. माझं डोकं भडकलं. हे धादांत खोटं आहे आणि ते मीच पोसलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा पावसाळा असेल. आमचं गाव घनसावंगीकडचं. नदीकाठच्या बाभुळबनात मला पांढऱ्या छत्र्या दिसल्या. खायची अळंबी वारुळावर उगवते. उपटली की खालून लांब मूळ येतं. यांना मूळच नव्हतं. देठ खाली फुगलेला, वर बांगडीसारखं कडं. मला सगळं दिसलं होतं. पण आदल्या दिवशी थोरला भाऊ अळंबी शोधून रिकाम्या हातानं परतला होता आणि मला मिरवायचं होतं. देठ रानातच खुरप्यानं छाटले, टोपलं भरलं.

वहिनीनं एक छत्री उलटी केली. खालच्या पात्या हिरवट पडल्या होत्या.

"भावजी, ह्येचं मूळ कुठंय?"

"जमिनीत राह्यलं. चांगलं हातभर होतं."

"मी न्हाई रांधणार."

वडील चिडले. "लई शहाणी झाली का? पेटव चूल." देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया त्यांनी पातेल्यात टाकला. तो काळा पडला नाही म्हणजे अळंबी चांगली, हे त्यांचं शास्त्र. कसलं डोंबलाचं शास्त्र! रुपया लखलखीत निघाला आणि तासा-दोन तासांत घर ओकायला लागलं. वडिलांना जीपमध्ये आडवं घालून जालन्याला न्यावं लागलं.

सगळे वाचले. दोष मात्र वहिनीच्या हाताला लागला. सणावाराला तिला चुलीपाशी येऊ देईनात. ती मोरीत भांडी घासायची. त्या लबाड रुपयाला मात्र अजून हळदकुंकू लागतं! आणि मी जेवत राहिलो, गप्प.

परवा मी ताटावरून उठलो आणि हे सगळं मोठ्यानं सांगितलं. पुतण्या म्हणाला, "जाऊ द्या ना काका, जुनं झालं."

"जुनं झालं का ते तिला विचार!"

वहिनी मोरीच्या दारात आली. हात राखेनं भरलेले.

"मूळ न्हवतंच ना, भावजी?"

"न्हवतं."

"मंग आज भांडे तुमी घासा."

तिनं हात धुतले, चुलीपाशी गेली आणि सुनेच्या हातातला डाव काढून घेतला. पंगतीत कुणी हसलं नाही. मी बाह्या सारल्या आणि मोरीत जाऊन बसलो.