रिकाम्या जागेवरचं घर

फोन आला तेव्हा आई आणि मी शाळेच्या मागच्या खोलीत होतो. आई शाळेत खिचडी शिजवते, म्हणून किल्ली तिच्याकडेच असते. रविवार होता. कुंदा मॅडम येणार होत्या. फरशीवर आम्ही चौथीत असताना केलेलं मातीचं गाव आहे, त्याची धूळ आम्ही कोंबडीच्या पिसानं झटकत होतो, भेगा ओल्या मातीनं बुजवत होतो. मॅडमना आणायला गजानन त्याची गाडी घेऊन सकाळीच जवाहरनगरला गेला होता. तो माझ्या वर्गातला. मॅडमना आडवं होता यावं म्हणून त्यानं मागच्या सीटवर घरची गादी अंथरली होती. फोन त्याचाच होता. "पल्लवी..." तो म्हणाला. मागून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता. "काय झालं बे? निघाले का तुम्ही?" मी विचारलं. "उशीर झाला वं," तो म्हणाला. "मॅडम गेल्या." आईच्या हातात मातीचा गोळा होता. तिनं तो खाली ठेवला नाही.

त्यानंतर हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. मी भंडाऱ्याला बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे छापून येईल असं काही लिहायची सवय कोणालाच नाही. पण मॅडमविषयी मी नाही लिहिलं तर त्या खोलीत काय होतं हे कोणाला कळणार नाही, असं वाटलं.

आमचं गाव पुनर्वसनाचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. नवीन गावात सगळं सरळ आहे... प्लॉट, रस्ता, पुन्हा प्लॉट. चौथीला कुंदा मॅडम आमच्या वर्गशिक्षिका म्हणून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला आपल्या गावाचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी सारखीच घरं काढली, एक मोबाईलचा टॉवर काढला. गजाननचा कागद मात्र नुसता निळा होता.

"हे काय रे?" मॅडम म्हणाल्या.

"आमचं गाव."

"यात गाव कुठं आहे?"

"खाली आहे ना मॅडम."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि विचारलं, "खाली काय काय आहे, कोणाला माहीत आहे?" कोणालाच माहीत नव्हतं. माझे बाबा धरणात मासे धरायला जातात. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "आज आमराईवर काही लागलं नाही, शाळेवर मात्र चांगले लागले." मला वाटायचं ही पाण्याचीच नावं आहेत. त्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा मॅडमनी ती नावं गजाननच्या निळ्या कागदावर लिहून घेतली.

तिथून ते वर्ष सुरू झालं. रोज घरून एक गोष्ट विचारून यायची. कोणाच्या घरामागं मोहाचं झाड होतं, मासेमारीचे डोंगे काठाला कुठं बांधायचे, पोरं कुठं पोहायची. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, माती पाट्यांनी आणायची आणि मागच्या रिकाम्या खोलीत थापायची. ती आमची हस्तकला. चिंचोक्यांचे कवेलू म्हणजे कौलं, धानाच्या तणसाचं छप्पर, कांद्याच्या पिशवीची जाळी कापून केलेली मासेमारीची जाळी. रंग पळसफुलांचा, हळदीचा, कोळशाचा. अंतर काढणं हे गणित. जुन्या माणसांना मीटर सांगता येत नव्हते. ते म्हणत, "तिथून हाक मारली का इथं ऐकू ये." मग आम्ही मैदानावर उभं राहून एकमेकांना हाका मारायचो आणि मॅडम टेप घेऊन मोजायच्या. एक तास डोळे मिटून फक्त आवाजांचा असायचा... मुसळ, वल्हं, बैलांच्या घंटा. आमच्यातल्या एकानंही जुन्या गावची ती सकाळ पाहिलेली नव्हती, पण आम्ही ती करायचो. मॅडमची भाषा आमच्यासारखी नव्हती. आम्ही "मले नाही येत" म्हटलं की त्या "मला" करून घ्यायच्या नाहीत. उलट आमचे शब्द फळ्यावर लिहायच्या आणि विचारायच्या, "याला तुमच्याकडं आणखी काय म्हणतात?"

हळूहळू घरची माणसं खोलीत येऊ लागली. नवीन गावात प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले होते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी लांब लांब गेले होते. फरशीवर ते पुन्हा शेजारी आले आणि लगेच भांडायलाही लागले. "माह्या ओसरीपुढं तुयी न्हाणी कधी होती बे?" "होती म्हणून तर चिखल होये तुया दारात!" मॅडम मधे उभ्या राहून हसत. एकदा आई आमच्या मातीच्या घरासमोर बसली आणि बोट आत घालून म्हणाली, "चूल इकडं होती, पली. इकडं. मले धूर डोळ्यात येत नव्हता." मग पदर डोळ्याला लावला.

एक दिवस गजाननने विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?" त्या म्हणाल्या, "लहानपणी वडलांचं क्वार्टर, आता मिस्टरांचं क्वार्टर. फॅक्टरीची नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं. गाव असं नाही रे." आम्हाला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गुपचूप मॅडमसाठी घर बांधलं. जागा आम्ही नीट विचार करून निवडली होती. गावदेवी मातामायचं ठाणं जिथं होतं, ती जागा. मातामायचे दगड तर गावानं वाजतगाजत नवीन गावात आणलेले, बस थांब्याजवळ त्यांची पूजा होते. म्हणजे जुनी जागा रिकामीच झाली, असं आमचं गणित. निंबाच्या झाडाखाली, सावलीत... मॅडमना उन्हाचा त्रास व्हायचा.

घर पाहून मोठी माणसं मागं सरली. एकानं तर ते काढायला हातच पुढं केला. मॅडम घाबरल्या, म्हणाल्या, "मुलांना माहीत नव्हतं हो, मीच काढते." तेव्हा सखू आजी पुढं आल्या. मातामायला दिवा लावणाऱ्या त्याच होत्या, आता त्याही नाहीत.

"काहून बांधलं रे इथं?" त्यांनी विचारलं.

"माय तर इकडं आली ना आजी," मी म्हटलं. "जागा खाली होती."

"माय आणली वं," त्या म्हणाल्या. "जागा काय डोक्यावर घेऊन येता येते का?" त्यांनी वाकून घराच्या आत पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू द्या. मायची जागा खाली पाहून जीव कसातरी होते. मॅडमबाई राहतीन तिथं. पण तिथून सरळ कोणी जायाचं नाही. फिरून जायाचं."

तेव्हापासून मॅडम त्या खोलीत चपला बाहेर काढून येत, आणि त्या जागेशी आल्या की वळसा घालून पुढं जात. घाईत असल्या तरी. आम्हीही तसंच करू लागलो. पुढं मॅडमची बदली अड्याळकडं झाली. तरी दरवर्षी पावसानंतर चौथीची मुलं गाव सारवायची आणि त्या एकदा पाहून जायच्या. मग त्यांचं येणं थांबलं. आजार कळला तेव्हा तो खूप पुढं गेला होता.

गेल्या महिन्यात मी जवाहरनगरला त्यांच्या क्वार्टरवर गेले होते. पलंगावर त्या इतक्या लहान दिसल्या की मी आधी दाराशीच थांबले. मुख्याध्यापक सरांनी सांगितलेलं मला त्यांना सांगायचं नव्हतं, पण त्यांनीच विचारलं, "आपलं गाव आहे ना गं?" मग सांगावं लागलं. मागच्या खोलीत टाइल्स बसणार होत्या. कोणाचा दोष नव्हता. खोलीत ओल यायची, विंचू निघायचे, आणि ही मागणी गावानंच केली होती, त्यात माझी आईसुद्धा होती. गाव फरशीला चिकटलेलं, उचलता येणारं नव्हतं. मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी थोडा पाहिला आणि फोन बाजूला केला. "असं नाही," त्या म्हणाल्या. "चपला काढून एकदा चालायचंय मला त्यात. नेशील?"

मी हो म्हटलं. सरांनी मिस्त्रीला रविवारपर्यंत थांबवलं. त्यापुढं थांबणं त्याला शक्य नव्हतं. मॅडमचे मिस्टर म्हणाले, या आठवड्यात ताकद नाही, पुढच्या आठवड्यात बघू. मी काय म्हणणार होते? दोन्हीकडून दिवस जात राहिले आणि मी मधे नुसती फोन करत राहिले. शेवटी मॅडमचे मिस्टरच म्हणाले, "ती ऐकत नाही. रविवारी गाडी पाठव."

बाकी वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याआधी गजाननने मॅडमचं घर तरी वाचवावं म्हणून खुरपं घातलं. खालून कापत, अगदी हळू. पण दहा वर्षांची वाळलेली माती. हातात आली आणि तिचा चुरा झाला. तो तसाच बसून राहिला, ओंजळ धरून. मी शेजारी उभी होते. गावाची सगळी माती आम्ही पाट्यांनी परत बोडीत नेऊन टाकली. पाणी थोडा वेळ गढूळ झालं, मग निवळलं.

परवा सुटीत घरी आले तेव्हा आईसोबत शाळेत गेले. खोली छान झाली आहे, खरंच. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, सगळ्या सारख्या. मुलं आता तिथंच जेवायला बसतात. आई खिचडीचा गरम गंज दोन्ही हातांनी धरून दारातून आत आली. सरळ चार पावलांवर मुलांची रांग होती. ती सरळ गेली नाही. मधेच डावीकडं वळली, मोकळ्या फरशीला वळसा घातला आणि मग रांगेपाशी गेली. तिचं तिलाही कळलं नसावं.

"मावशी, काहून फिरून येऊन राहिली वं?" एका मुलीनं विचारलं. "तिथं काय आहे?"

आई थांबली. तिनं मागं वळून त्या टाइल्सकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कॉलेजात शिकते, मी काही तरी सांगीन असं तिला वाटलं असेल.

"ताट पुढं कर," आई त्या मुलीला म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं मला पाण्याची बादली आणायला सांगितली. मी दाराशी चपला काढल्या, बादली उचलली, आणि तिच्यासारखीच फिरून गेले.