समोरच्या दारी मलिदा

हॅरोच्या स्टेशनवर माझ्या नातीने, अन्वीने, मला शेवटची सूचना दिली, “आजी, तुझा ट्रेन लगेच येतो, बॅग घट्ट पकड हां.” चुकांवर लाल शाई ओढण्यात माझा जन्म गेला, पण मी गप्प बसले. सूनबाईंनी सकाळीच बजावलं होतं, “आई, प्लीज, तिला करेक्ट करू नका. मग ती मराठी बोलतच नाही.”

बॅगेत अलिबागचे दोन किलो पोहे होते. ते चालले होते एडिनबराला, माझ्या बालमैत्रिणीकडे, हन्ना पेणकरकडे. हन्ना बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. आमच्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. आम्ही दोघी एका बाकावर बसून शिकलो. चौदाव्या वर्षी तिच्या घरच्यांनी इस्रायल गाठलं, पुढे नवऱ्याच्या नोकरीने ती एडिनबराला आली आणि तो गेल्यावरही तिथेच राहिली. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. आठवड्याभरात ती कायमची मुलाकडे ग्लासगोला जाणार होती. त्याआधी त्या घरात शेवटचा मलिदा (एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करायचे गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे) करायचा होता. “सुमे, पोहे तू आण,” ती फोनवर म्हणाली. “इथले म्हणजे नुसता कागद.”

यॉर्क मागे पडलं आणि वरच्या फळीवरची माझी पिशवी फाटली. खाली पेपर वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टकलावर पोह्यांच्या अक्षता पडू लागल्या. मी लाजेने अर्धमेली. गृहस्थांनी एक पोहा उचलला, निरखला आणि विचारलं, “लग्न कुणाचं आहे?” मग आम्ही दोघांनी मिळून सीटवरचे पोहे गोळा केले. जमिनीवरचे गेले ते गेले. पुढे बेरिकपाशी अचानक समुद्र आला, अगदी रुळांच्या कुशीत, करड्या रंगाचा. अलिबागचा समुद्र याच्यापुढे गरम कपड्यात गुंडाळल्यासारखा वाटला.

एडिनबराची जुनी घरं म्हणजे उंच दगडी इमारती. मधोमध एकच गोल जिना आणि प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. हन्ना तिसऱ्या मजल्यावर. मी धापा टाकत वर पोचले तर समोरच्या दाराच्या मुठीला दोरीने एक पुठ्ठा लटकलेला दिसला. त्यावर लिहिलं होतं, ‘जिना धुण्याची पाळी तुमची’. इथे जिना धुवायला गडीमाणूस नाही. बिऱ्हाडं आळीपाळीने धुतात, आणि धुऊन झालं की पुठ्ठा शेजारच्या मुठीला अडकवतात. मला फार आवडलं हे. हन्ना मात्र पुठ्ठ्याकडे न बघता म्हणाली, “चल आत, गारठलीस.”

रविवारी दुपारी मलिदा झाला. हन्नाचा मुलगा ग्लासगोहून चार मित्र घेऊन आला. हिब्रू प्रार्थना झाल्या. पोह्यांचा ढीग, त्यावर केळी, सफरचंदं, खजूर. हन्नाने मला हळूच विचारलं, “आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याचा तो खडक आठवतो? एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा?” आठवतो म्हणजे काय! शाळेच्या सहलीला आम्ही त्या खुणांत बसून भेळ खाल्ली होती आणि तिच्या आईने दोघींना चोपलं होतं.

मंडळी जेवत होती तेव्हा हन्नाने प्रसादाची ताटं भरली. स्टीलची जाड ताटं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिच्या आईचं नाव, ‘सौ. रिबेका पेणकर’. “माझे गुडघे नको म्हणतायत,” ती म्हणाली. “जिन्यात तेवढी देऊन ये गं.”

आता सांगा, अलिबागच्या बाईने प्रसाद वाटायला कुठून सुरुवात करावी? शेजारच्या दारापासून! मी समोरची बेल वाजवली. पांढऱ्या केसांच्या, सडपातळ बाईंनी दार उघडलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही, त्या बघत होत्या ताटाच्या काठावरच्या नावाकडे.

“हे हन्नाने पाठवलं?” त्यांनी विचारलं.

“अर्थात,” मी म्हणाले.

त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि दार लावलं. मला जरा रागच आला. परत येऊन म्हटलं, “तुझी समोरची बाई काय गं, थँक्यूसुद्धा नाही?”

हन्ना मटकन खुर्चीत बसली. “सुमे, तिला दिलंस? अगं, ती ताटं वरच्या दोघांसाठी होती.”

मंडळी गेल्यावर सगळं बाहेर आलं. समोरच्या नजवाबाई पॅलेस्टिनी, निवृत्त सुईण. हन्नाशी वीस वर्षांची मैत्री. त्यांची आई लोद गावची, त्या ‘लिद्द’ म्हणतात. सन अठ्ठेचाळीसच्या युद्धात इस्रायली सैन्याने त्या गावाला बाहेर काढलं, आणि भर उन्हाळ्यात लेकराबाळांसह माणसं पायी चालत निघाली. नजवा निर्वासितांच्या छावणीत जन्मली. आणि वीस वर्षांनी अलिबागहून गेलेल्या पेणकरांना सरकारने राहायला जागा दिली ती त्याच लोदमध्ये, एका जुन्या दगडी घरात.

“मी तिला पहिल्या महिन्यातच सांगितलं,” हन्ना म्हणाली. “लपवून चहा पिता आला नसता मला. म्हटलं, ते तुमचंच घर होतं की नाही देव जाणे, पण कुणाचं तरी होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, फरशी कशी होती ते सांग. मी लाल-निळी नक्षी काढून दाखवली. आमची मैत्री तिथून सुरू झाली.”

“मग बिनसलं कुठे?”

“ऑक्टोबरमध्ये इस्रायलवर झालेल्या त्या हल्ल्यात माझ्या नणंदेची नात गेली. मी आठ दिवस वाट बघितली, नजवा आली नाही. मग गाझात बॉम्ब पडले, तिच्या बहिणीचा मुलगा गेला. मी दारापर्यंत गेले, सुमे. बेलवर बोट ठेवलं. काय तोंड घेऊन आत जाऊ? परत फिरले. तेव्हापासून आमच्यात फक्त तो पुठ्ठा आहे. ती माझ्या मुठीला अडकवते, मी तिच्या.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तिचा संतापही आला. लग्नाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही, हे आम्हा दोघींच्या आयांनी शिकवलं होतं. इतिहासाची मास्तरीण मी. हा संघर्ष मी वर्गात पावणेदोन पानांत उरकत असे, युद्धं, करार, नकाशे. त्या पानांत कुणाची लाल-निळी फरशी नव्हती.

“माझ्या आईचं ताट आहे ते,” हन्ना पुटपुटली. “फेकून दिलं असेल तिने.”

ताट संध्याकाळपर्यंत आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही भांडी कागदात गुंडाळत होतो. अकराच्या सुमाराला बेल वाजली. नजवाबाई उभ्या होत्या. हातात काचेचा बाऊल, त्यात मामूल (खजूर भरलेली रव्याची बिस्किटं, आपल्या करंजीची गोलमटोल बहीण).

“ही म्हणाली, तू पाठवलंस,” त्या हन्नाला म्हणाल्या. “खरं?”

मी हन्नाकडे बघत मनात म्हटलं, हो म्हण, बाई, हो म्हण!

“नाही,” हन्ना म्हणाली. “तिला काही माहीत नव्हतं. मला धीरच झाला नसता. तुझा भाचा गेला तेव्हा मी यायला हवं होतं, नजवा. आले नाही. माझं चुकलं.”

त्या दारातच उभ्या राहिल्या. खाली कुणाचं तरी दार आपटलं. मग नजवाबाई म्हणाल्या, “तुझ्या नणंदेची ती नात गेली तेव्हा मीही आले नाही.” आणि पुढे म्हणाल्या, “सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. माझी बहीण अजून तंबूत आहे.”

“मीही म्हणत नाही. आत तर ये.”

आल्या. खोक्यांच्या मधोमध बसून आम्ही तिघींनी काळा चहा घेतला. हन्नाने भाच्याचं नाव विचारलं. यूसुफ. नजवाबाईंनी त्या मुलीचं विचारलं. नोआ. दोघी बराच वेळ त्या दोघांबद्दलच बोलल्या, शाळा, खोड्या, आवडीनिवडी. मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये तोंड घातलं नाही.

निघताना हन्नाने विचारलं, “माझं ताट?”

“ते ठेवलंय. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत.”

“आमच्यातही नाही. पण हा बाऊल भरून आणलास की.”

“बाऊल माझा आहे,” नजवाबाई म्हणाल्या. “ताट द्यायला ग्लासगोला येईन. मला निमित्त नको?”

परतीच्या गाडीत पिशवी रिकामी होती आणि मन भरलेलं. दोन बायकांनी चहा घेतल्याने तिथला एकही तंबू उठत नाही, हे कळण्याइतकी मी शहाणी आहे. पण दारापर्यंत जाऊन परत फिरणारी माणसं दोन्ही बाजूंना किती असतील, हा विचार हॅरो येईपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग महिनाभर काहीच कळलं नाही. मी रोज फोन करायची, हन्ना गुडघ्याचं सांगायची, मी ताटाचं विचारायचं टाळायची. काल सकाळी तिनेच फोन केला.

“नजवा आली होती गं, बसने. ताट भरून मक्लूबा (पातेलं उपडं करून वाढायचा भात). पोराने दोनदा घेतला.”

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय,” हन्ना म्हणाली, “पाळी माझी.”