चुलीवरचं उतरव

"चुलीवरचं उतरव गो, मला जरा रडायचंय."

सासरी येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता आणि माझ्या सासूबाई मला हे म्हणाल्या. मला वाटलं, नव्या सुनेची चेष्टा चाललीय. मी डाव हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा त्यांनी स्वतःच फडक्याने आमटीचं भांडं खाली घेतलं, लाकडं मागे ओढली, मागच्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून खरोखरच रडल्या. सकाळी गोठ्यात वासरू दगावलं होतं. मनासारखं रडून झाल्यावर उठल्या, न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, कपभर चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "हां, ठेव आता परत. रडण्याच्या नादात आमटी करपली म्हणजे एकाची दोन दुःखं होतात." मी माहेरी त्या आठवड्यात पत्र लिहिलं असतं तर सासू वेडी आहे, असंच लिहिलं असतं.

वाडीत त्यांना सगळे थोरली म्हणत. घरातली थोरली सून म्हणून पडलेलं नाव. त्यांचे दीर-जावा कधीच मुंबईकर झाले होते, पण नाव राहिलं. सासरेही मुंबईला एका छापखान्यात होते, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे यायचे. माझे हे रत्नागिरीत एका कचेरीत कारकून, एसटीने रोज जाऊन येऊन. म्हणजे भातशेती, गुरं, आंब्याची कलमं सगळं थोरलींच्याच गळ्यात. ते त्यांनी निभावलं, आणि निभावताना लागेल तेवढं त्या त्या पायरीवर बसून रडल्या. "शिंक आली तर लाजतो काय आपण? मग ह्याला कसली लाज?" असं म्हणायच्या. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या मयताला गेल्या की डोळ्यांत टिपूस नसे. तिथे पाणी तापवायचं, पोरांना शेजारी नेऊन जेवू घालायचं, हीच कामं करायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं रडायला पुष्कळ जणी असतात बाय."

आमचं लग्न पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. हळद उतरायच्या आत आईंनी, सासूबाईंना मी आईच म्हणत असे, भिंतीवरचं कॅलेंडर काढून यांच्यापुढे धरलं आणि गौरी कधी येतात ते बघायला लावलं. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. सुपात पानं, फळं, नारळ, खण ठेवून सून ते गौरीपुढे ओवाळते, मग एकेक सूप घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात देते, आणि घेणारा त्यात तिच्यासाठी काहीतरी घालतो. पण पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौरी आल्या तरच पहिला ओवसा. नाहीतर बसा पुढच्या वर्षाची वाट बघत. त्या वर्षी गौरी उशिरा होत्या, पूर्वा उलटून गेलेल्या. आईंचा चेहरा पडला. "माझ्या ओवशाला सासू नव्हती," त्यांनी मला सांगितलं. "आधीच गेलेली. तिचं सूप पाटावर ठेवलं आणि रिकाम्या पाटाच्या पाया पडले. तुझं सूप पाटावर नाय ठेवायचं. मी हातात घेणार." कानातल्या मोत्याच्या कुड्यांना हात लावून म्हणाल्या, "आणि ह्या त्यात घालणार. ठरलंय माझं."

लावणी आटपली आणि श्रावणात एका सकाळी त्यांनी मला न्हाणीत हाक मारली. "बघ गो, इथं हाताला काय लागतं." डाव्या छातीत गाठ होती, सुपारीएवढी, आणि दाबली तरी दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून त्या खूश, आणि मी उगाच घाबरलेली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून मुंबईला पाठवला, आणि निकाल आला तेव्हा यांना एकट्याला बाहेर बोलावून सांगितला. घरी येऊन हे मला म्हणाले, "साधी गाठ आहे, असंच बोलायचं. आणि तिच्यासमोर कुणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. धीर खचेल तिचा." त्या काळी सगळ्याच घरांत असं चालायचं. कॅन्सर हा शब्द पेशंटच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे जणू तो होतच नाही.

आईंना दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मुंबईच्या गाडीत बसल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं, "माझ्या लेकाने काल मला विचारलं, आई जेवलीस काय. जन्मात कधी विचारलं नव्हतं त्याने. तेव्हाच समजले, हे साधं नाय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण त्याला सांगू नको मला कळलंय म्हणून. त्याला नाय सोसवणार." आणि त्या दिवसापासून थोरली रडायच्या थांबल्या. मुलगा आईसाठी रडत नव्हता, आई मुलासाठी रडत नव्हती, आणि मधे मी, दोघांसाठी पोळ्या लाटत.

दिवाळीच्या सुमाराला ऑपरेशन झालं. पूर्ण बाजूच काढली. सासऱ्यांच्या खोलीत आम्ही दोघी राहिलो. सासरे कामावर गेले की दिवसभर दोघीच. जखम लवकर भरेना. टाके काढले तरी पाणी झरायचं, दर खेपेला डॉक्टर म्हणायचे, अजून थोडं थांबू. मग एकदाची ती भरली आणि शेक सुरू झाले. मशीनखाली निजवून किरण देत, त्याला सगळे शेकच म्हणायचे. आईंनी हिशोब मांडला होता: शेक संपले की शिमग्याला घरी. आमच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर येते, आणि यंदा तिची ओटी नव्या सुनेच्या हातून भरायची होती. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती त्यांनी, वर खण आणि नारळ.

आणि छातीची कातडी सोलवटली. आधी काळी पडली, मग फोड आले, मग पोळल्यागत लाल मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी शेक थांबवले. ही भरून येऊ दे, मग उरलेले देऊ, शिमगा-बिमगा विसरा, म्हणाले. खोलीवर आलो तर चाळीतल्या बायका जमल्या. मन घट्ट करा, देवाचं नाव घ्या, तुमच्यासारख्या धीराच्या बाईने असं तोंड पाडायचं नाही. आई सगळ्यांना बरं बरं म्हणत होत्या. बायका गेल्यावर त्यांनी पिशवीतला खण बाहेर काढला, घडी मोडली, परत घातली, परत पिशवीत ठेवला. पुन्हा काढला. मला ते बघवेना. स्टोवर भात रटरटत होता. मी स्टो बंद केला, भांडं खाली उतरवलं, दाराला कडी घातली आणि म्हटलं, "आई, उतरवलंय."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की अजून विसरत नाही. म्हणाल्या, "तो रागवेल." मी म्हटलं, "तो रत्नागिरीत आहे." मग त्या रडल्या. सहा-सात महिन्यांचं साचलेलं होतं सगळं. पालखी दारात येणार आणि सून इथं, म्हणून रडल्या. आरशात बघवत नाही, म्हणून रडल्या. "तुझा नवरा ह्याच बाजूला प्यायचा गो. दुसऱ्या बाजूला तोंड लावायचा नाय, किती केलं तरी. तीच नेली कापून." मग रागावल्या, डॉक्टरांवर, देवीवर, धीराची बाई म्हणणाऱ्या त्या बायकांवर. आणि शेवटी अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मला भीती वाटते. पूर्वा गाठेन काय मी?" मी त्यांचा उजवा हात धरून बसले आणि मीही रडले. मग आम्ही दोघींनी तोंडं धुतली, चहा केला आणि स्टो पुन्हा पेटवला. तो भात गिचका झाला होता. आई म्हणाल्या, "करपला तर नाय ना."

ते आमचं ठरून गेलं. जखमेचं काही बिनसलं, तपासणीत काही निघालं, शेक पुन्हा पुढे ढकलले, की मी भांडं उतरवायची. बऱ्या बातमीला नाही, आणि रोज तर मुळीच नाही. एकदा मी उगाचच भांड्याला हात लावला, तर म्हणाल्या, "आज काय झालंय? ठेव ते. आज मला भूक आहे."

उरलेले शेक संपवून आंब्याच्या दिवसांत आम्ही घरी आलो. डावा हात सुजून जड झाला होता, भाकरी थापता यायची नाही. मग त्या चुलीपाशी पाटावर बसून मला थापायला लावायच्या आणि माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या. "हा काय नकाशा काढलास? कुठला जिल्हा म्हणायचा हा?" रत्नागिरीच्या बाजारात स्वतः येऊन त्यांनी बुरुडणीकडून ओवशाची सुपं निवडून घेतली. एकेक उलटंसुलटं करून, काठाच्या वेणीवरून बोट फिरवून. घरी आणून माजघरात खुंटीला टांगली, आणि त्यातल्या एकाला लाल दोरा बांधला. ते त्यांचं. शहाऐंशीच्या गौरी बरोबर पूर्वात होत्या.

आषाढात खोकला सुरू झाला. मग पाठ धरली. मुंबईला नेऊन आणलं. हे घरात शिरता शिरता मोठ्याने म्हणाले, "सर्दी आहे, पावसाची. औषध दिलंय." आणि बाहेर जाऊन गोठा झाडू लागले. जन्मात कधी गोठा झाडला नव्हता माणसाने. आईंनी माझ्याकडे बघितलं. मी न सांगता भांडं उतरवलं. पायरीपर्यंत त्यांना चालवेना, म्हणून चुलीपाशीच बसलो. त्या दिवशी त्या फार रडल्या नाहीत. कुड्या काढायला लागल्या, म्हणाल्या, "आत्ताच घे." मी त्यांचा हात धरला. "सुपात घाला. मी अशा घेणार नाही." "हट्टी आहेस." "तुमचीच सून." त्या हसल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि त्याला एकदा रडायला सांग गो. माझ्यामागे. पोरगा आतल्या आत कुढतो, लहानपणापासून."

श्रावण सरता सरता, दुपारच्या वेळी, त्या गेल्या. गौरी हाकेवर आल्या होत्या. घराला सुतक, त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे ना गणपती बसला ना गौर. हे रडले नाहीत. आलेल्या-गेलेल्यांची व्यवस्था बघत राहिले, चहा किती, चटया किती. मी दोनदा म्हटलं, जरा बसा माझ्याजवळ. म्हणाले, कामं आहेत.

पुढचं वर्ष दुखवट्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी गौरी पूर्वात नव्हत्या. मधे मुलगी झाली. सासरे रिटायर होऊन गावी आले. सुपं खुंटीला तशीच होती; मी दर महिन्याला झटकायची. आणि एकोणनव्वद साली गौरी पूर्वात आल्या. लग्नाला चार वर्षं झालेली नवी सून म्हणून वाडीने माझी मनसोक्त चेष्टा करून घेतली.

ओवसा झाला. सासऱ्यांना सूप दिलं, यांना दिलं, मुंबईहून आलेल्या चुलत सासवांना दिलं. लाल दोऱ्याचं सूप हातात राहिलं. मी पाट मांडला. त्यावर सूप ठेवलं आणि वाकले, पण मला पटकन उठता येईना. तेवढ्यात यांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि सुपात टाकलं. कुड्या होत्या. आईंच्या कानातल्या, कागदात गुंडाळलेल्या, इतकी वर्षं त्यांनी कुठे ठेवल्या होत्या कोण जाणे. आणि ते तसेच बाहेर गेले.

मी आत येऊन नैवेद्याची भाजी ढवळत होते. सुपातल्या कुड्या पदराच्या टोकाला बांधलेल्या. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर हे उभे होते, चौकट धरून. मला वाटलं, पाणी मागायला आलेत.

"चुलीवरचं उतरव गो," ते म्हणाले.

मी भांडं खाली घेतलं, लाकडं मागे ओढली आणि त्यांच्या मागोमाग पडवीच्या पायरीवर जाऊन बसले.