हिरव्या हातमोज्यांचा हेरॉन

डोळे रंगवायची वेळ आली की लोइस हेंगहोल्ड बाहुला उलटा धरायची. डोकं खाली, पाय वर. कारखान्यात नव्याने आलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. लोइसचं म्हणणं असं, की चेहरा सुलटा दिसला की हात त्याचे लाड करायला लागतो. एक भुवई नकळत वर चढते, ओठ हसरे होतात. उलटा धरला की चेहरा उरतच नाही, नुसत्या रेघा उरतात, आणि रेघ ओढायला माणूस थरथरत नाही.

सिनसिनाटीच्या ऑबरहॉस खेळण्यांच्या कारखान्यात तिच्या उमेदीची सगळी वर्षं गेली. तिचं काम नमुने रंगवायचं. एक बाहुला ती रंगवायची, तो हाँगकाँगला जायचा, आणि तिकडच्या बायका तो समोर ठेवून तसेच्या तसे लाखो रंगवायच्या. त्या बायकांनी सिनेमा पाहिलेला नसे, कथा ऐकलेली नसे. नमुन्यात असेल ते ब्रह्मवाक्य. म्हणून लोइसची चूक एकटीची कधीच राहत नसे, ती जगभर जायची.

अशी एक चूक झालीही. तेल महागलं आणि त्यापाठोपाठ प्लॅस्टिक, तेव्हा वीतभर उंचीचे बाहुले परवडेनात. सगळ्या कारखान्यांनी ते बोटाएवढे केले. त्याच सुमारास ऑबरहॉसला उडणाऱ्या वीराच्या एका सिनेमाचे बाहुले करायचं काम मिळालं. वीराचं नाव कॅप्टन हेरॉन, म्हणजे बगळा. सिनेमा अजून तयार व्हायचा होता आणि सिनेमावाले भलतेच संशयी. त्यांनी पाठवले ते चार फोटो, तेही काळेपांढरे. पोशाख करडा, केप काळी हे कळवलेलं होतं. हातमोजे आणि बूट कुठल्या रंगाचे, ते कुणी लिहिलंच नव्हतं. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, ते गुपित आहे.

तेव्हा लोइस आणि जोआन डबा खाता खाता विचाराला बसल्या. जोआन नमुन्याच्या इवल्या केपा शिवायची.

"बगळा कुठे राहतो?" जोआनने विचारलं.

"पाण्यात."

"पाण्यात काय असतं?"

"शेवाळ."

"मग झालं. हिरवे रंगव आणि मला तो लोणच्याचा तुकडा दे."

सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर कॅप्टन हेरॉनचे हातमोजे गडद लाल होते. तोवर हिरवे हेरॉन देशभरच्या दुकानांत टांगले गेले होते. वरचे साहेब ओरडले, नवा नमुना झाला, पुढचा सगळा माल लाल आला. लोइसला आठवडाभर जेवण गेलं नाही. थिएटरातून बाहेर पडताना तिचा मुलगा कर्ट मात्र तिचा हात ओढत म्हणाला होता, "आई, तुझंच बरोबर आहे. सिनेमावाल्यांचं चुकलं."

पुढे मुलं मोठी झाली, खेळणी माळ्यावर गेली, ऑबरहॉस एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि दोन वर्षांत कुलूप लावलं. जाताना कामगारांनी ज्याला जे आवडलं ते खोक्यांत भरून घरी नेलं, कारण उरलेलं कचऱ्यातच जाणार होतं. मग काही वर्षांनी तीच मोठी झालेली मुलं टकली होऊन परत आली आणि म्हाताऱ्या कामगारांच्या दारांवर टकटक करायला लागली. त्यांना संग्रहासाठी हिरवे हेरॉन हवे होते, चुकीचे म्हणून दुर्मिळ झालेले. त्याहूनही हवा होता तो मूळ नमुना, ज्याच्यावरून बाकी सगळे उतरले. लोइस दारातूनच सांगायची, हरवला. हाँगकाँगहून परत आलेला तो नमुना होता शिवणाच्या मशीनच्या खणात, फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेला.

"तुझ्या दाराशी पुरुष येतात ते बाहुल्यासाठी," जोआन म्हणायची. "रॅल्फ वरून बघत असेल तर निर्धास्त असेल."

रॅल्फ म्हणजे लोइसचा नवरा. बिअरचा ट्रक चालवायचा. तो गेला त्यालाही आता चार वर्षं झाली, आणि कर्टचा आवाज ऐकल्यालाही तेवढीच.

कर्ट छपरं शाकारायचं काम करायचा. एकदा छपरावरून पडला, पाठ धरली, डॉक्टरने गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. सिनसिनाटीतल्या आमच्या या टेकडीवर दर तिसऱ्या घरात हीच गोष्ट आहे, म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. बापाच्या दफनाला कर्ट उशिरा आला, दुसऱ्याचा कोट घालून. नंतर चर्चच्या हॉलमधल्या जेवणाला हॅमचं सँडविच हातात धरून उभा राहिला, खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी गेला. महिन्याभरात त्याचा फोन बंद पडला.

तेव्हापासून लोइसने भिंतीवरचा जुना फोन काढू दिला नाही. तो नंबर कर्टला पाठ होता. सकाळी पेपर आला की आधी मरणाच्या बातम्या वाचायची, मग कॉफी करायची. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं, सगळी वस्ती तिथे लोटते. तिथेही ती जायची सोडली. जोआन कागदात गुंडाळून मासा आणून द्यायची आणि बडबडायची, "फोन वाजला तर वाजेल, परत वाजेल. तू काय टेलिफोन ऑफिस आहेस?" लोइस मासा गार झाल्यावर खायची, उभ्यानेच, फोनच्या जवळ.

मार्चमधल्या एका शनिवारी ब्रेंट नावाचा संग्राहक आला. चाळिशीचा, जाडसर, घरात शिरताना बूट पुसून घेणारा. जोआन तिथेच होती, गोएट्याची, म्हणजे डुकराचं मांस आणि ओट एकत्र शिजवून थापलेल्या वडीची, कापं तव्यावर परतत.

"कुठल्या शाळेत होतास?" जोआनने विचारलं. आमच्याकडे नवख्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो. शाळेवरून वस्ती कळते, चर्च कळतं, आजोबा कोण तेही कळतं.

"मी इंडियानाचा आहे, मॅडम."

"अरे देवा," जोआन म्हणाली आणि तव्याकडे वळली. "तरी बस. खायला शाळा लागत नाही."

ब्रेंटने खिशातून एक छोटी डबी काढली. आत कापूस, कापसात हिरव्या हातमोज्यांचा हेरॉन. "मिसेस हेंगहोल्ड, तुम्ही म्हणता नमुना हरवला. मला वाटतं, मला तो सापडलाय. पायावर हाँगकाँगचा छाप नाही. अंग इथल्या कारखान्यात नमुन्यासाठी वापरायच्या कडक प्लॅस्टिकचं आहे. एकदा बघा आणि हो म्हणा, बास."

लोइसने चष्मा बदलला. बाहुला तळहातावर घेतला आणि सवयीने उलटा केला. मग सुलटा केला. मग पुन्हा उलटा.

अंग कारखान्याचंच होतं. असे कोरे, टाकून दिलेले बाहुले ती पर्समधून घरी आणायची, कर्टसाठी. रंग मात्र तिचा नव्हता. बुटाच्या काठाची रेघ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपली होती, शेवटी रंगाचा बारीक गोळा होता. डावखुऱ्या हाताची रेघ. आणि डोळे सुलटे धरून काढलेले. कितीदा सांगितलं होतं त्याला, उलटा धर, उलटा धर. तो म्हणायचा, उलटा धरला तर मला तो दिसतच नाही. त्यामुळे त्याचे सगळे बाहुले किंचित वर बघायचे, टेबलापलीकडच्या उंच माणसाकडे बघावं तसे.

"कुठे मिळाला हा?" तिने विचारलं.

"ते आमच्यात सांगत नाहीत, मिसेस हेंगहोल्ड." ब्रेंट ओशाळला. "एकाने जागा सांगितली की दुसऱ्या दिवशी तिथे वीस जण. सख्ख्या भावालाही सांगत नाही आम्ही."

"कधी मिळाला, ते तरी?"

"हिवाळ्यात. यंदाच्याच. विकणारा म्हणाला, माझ्या आईने रंगवलाय, ती ऑबरहॉसला होती. म्हणून तर मी तुमच्यापर्यंत पोचलो."

जोआनने गॅस बंद केला.

यंदाच्या हिवाळ्यात. म्हणजे चार वर्षं सकाळी पेपरात ती ज्याला शोधत होती, तो या हिवाळ्यात कुठेतरी दोन पायांवर उभा होता आणि तिचं नाव घेत होता.

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर हा भला माणूस आनंदाने उडाला असता आणि त्या भरात जागाही बोलून गेला असता. नाही म्हटलं तर कर्ट लबाड ठरणार. फसवलं म्हणून हा पोलिसात जाईल, नाही तर त्याच्या अंगावर धावून जाईल. शिवाय तो लबाड होताच. आईच्या नावावर स्वतःचा बाहुला खपवला होता त्याने. पण तिच्या हातातला हा बोटाएवढा जीव कर्टने रंगवलेला होता, जीभ बाहेर काढून, याच टेबलाशी. आपणच याला आपला म्हटलं, तर कर्टने केलेलं म्हणून जगात काय उरेल?

"हा मी रंगवलेला नाही," ती म्हणाली. "माझ्या मुलाने रंगवलाय. दहा वर्षांचा होता तेव्हा."

ब्रेंटचा चेहरा उतरला. "म्हणजे त्याने मला..."

"हो. फसवलं तुला. थांब जरा."

ती उठली, शिवणाच्या मशीनचा खण ओढला आणि फ्लॅनेलची चिंधी आणून त्याच्यापुढे उलगडली.

"लोइस!" जोआन ओरडली. "मलासुद्धा हरवला म्हणून सांगितलंस! त्याची केप मी शिवलीय, बाई!"

ब्रेंटने हात लावला नाही. नुसता वाकून बघत राहिला. डोळे सरळ, एका पातळीत. बुटाची रेघ केसासारखी.

"हा तू ने," लोइस म्हणाली. "तुझा मला दे. आणि जागा सांग."

"मिसेस हेंगहोल्ड, या दोघांची बरोबरी नाही. हे मी घेणं बरं दिसत नाही."

"बरोबरी मला कळते. मीच रंगवलाय ना तो? चार वर्षं झाली, माझा मुलगा जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. तू आत आलास तेव्हाही नव्हतं. जागा सांग."

ब्रेंटने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कॉर्बिन," तो म्हणाला. "केंटकीत. महामार्गालगत रविवारी जुना बाजार भरतो. शेवटच्या रांगेत, कुंपणाजवळ. चादर अंथरून बसला होता. नट आवळायचे पाने, करवती, एक-दोन खेळणी." मग खालच्या आवाजात, "बारीक होता खूप. पण बोलायला चांगला होता. मी त्याला काही करणार नाही, मॅडम. शब्द देतो."

"खाऊन जा," जोआन म्हणाली आणि त्याच्यापुढे बशी आपटली. नाक ओढत होती.

रविवारी दोघी पहाटे निघाल्या. नदीपलीकडे केंटकीत जायचं म्हटलं की आमच्या टेकडीवरची माणसं परदेशी निघाल्यासारखी करतात. जोआनने थर्मास, घोंगडी आणि मागच्या डिकीत घडीच्या दोन खुर्च्या घेतल्या. वाटेत लोइस एकदाच बोलली.

"आत्ता फोन वाजला तर?"

"तर वाजला. आपण त्याच्याकडेच चाललोय."

बाजार मोठा होता, चिखल होता. शेवटच्या रांगेत कुंपणाजवळ एक जागा रिकामी होती. शेजारी एक बाई बिडाच्या कढया मांडून बसली होती. वांडा तिचं नाव.

"कर्ट?" ती म्हणाली. "डावखुरा? हो की. इथेच असतो. थंडीत यायचा. हे दोन-तीन रविवार दिसला नाही."

"बरा होता?"

वांडाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज मऊ केला. "खोकत होता, ताई. पण माझ्या कढया उतरवून द्यायचा. न सांगता. राहतो कुठे ते ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ऊन पडलं की ही माणसं परत येतात बहुतेक."

"बहुतेक," लोइस म्हणाली.

दुपारपर्यंत दोघी रांगांमधून फिरल्या. प्रत्येक उंच पाठ लोइसने पुढे जाऊन वळून पाहिली. एकाने तर विचारलं, "काय हवंय, आजी?" दोन वाजता जोआनचे गुडघे बोलायला लागले.

"चल आता. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. पुढच्या रविवारी येऊ."

"तू गाडीत बस," लोइस म्हणाली. "पाय वर घे. मी येते."

तिने डिकीतून एक खुर्ची काढली, कुंपणाजवळच्या रिकाम्या जागेत नेऊन उघडली आणि बसली. पर्स मांडीवर. बाजार उठायला लागला होता. माणसं ताडपत्र्या गोळा करत होती, ट्रक मागे घेत होती. वांडाने एकेक कढई वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. एक जोडपं समोरून चाललं होतं. बाई थांबली, लोइसच्या पुढच्या उघड्या मातीकडे बघितलं.

"तुमच्याकडे काय आहे विकायला?"

"माझ्याकडे काही नाही," लोइस म्हणाली. "जागा मुलाची आहे. तो यायचाय."

बाई हसली, बरं म्हणाली आणि नवऱ्यामागे गेली. लोइसने कोटाचं वरचं बटण लावलं. कुंपणापलीकडे महामार्गावरून गाड्या जात होत्या, त्यातली एखादी हळू झाली की ती मान वळवून पाहायची.