पासष्ट किलो वजनी गट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाजवळसुद्धा नाही — त्याला माहीतच असेल म्हणून टाळलं.

आमच्या चिखलीत कबड्डीचा विषय निघाला की लोक मलाच पुढे करतात. चिखली आणि देऊळगाव राजा, पासष्ट किलो वजनी गट, दोन्हीकडे मानधन घेऊन खेळणारे गडी — आणि तीन सामन्यांची ती अंतिम लढत. देऊळगाववाले एकेकाला लोळवत कसे वर आले, आम्ही पहिल्याच फेरीत हरता हरता कसे वाचलो, शेवटचा सामना एका गुणाने कसा मारला — बारा वर्षं मी हे तिखटमीठ लावून सांगतोय. ऐकणारे चहा पाजतात. फक्त उपांत्य सामन्यापाशी आलो की मी घाईने पुढे सरकतो. कुणाच्या लक्षात आलं असेल का? नसावं.

मी धान्यबाजारात मापारी. माझ्या काट्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. म्हणून तर खेळाडूंची वजनं करायला मलाच बोलावलं. आकडा माझ्या बाजूला दिसायचा, मी मोठ्याने सांगायचो, दुसरा एक जण लिहून घ्यायचा. डोकावून बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

उपांत्य सामना वडनेर भोलजीशी होता. त्यांचा सगळा खेळ गजानन नावाच्या एका चढाईपटूवर चालायचा. विशीतला पोरगा, घरी वांगी-टोमॅटोचा मळा. वजन वाढू नये म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी होता. देऊळगाव तोवर अंतिम फेरीत पोचलं होतं, आणि मला त्यांच्यासमोर आमचाच संघ उभा राहिलेला बघायचा होता. मला कुणी गळ घातली नव्हती — संघाने नाही, कुणीच नाही. माझं मलाच वाटत होतं की गजानन खेळला तर आपलं काही खरं नाही.

तो काट्यावर चढला. चौसष्ट किलो आठशे. मी म्हणालो, सहासष्ट.

झालं, सांगितलं — नाही, थांबा. एवढंच असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो.

नियमाप्रमाणे त्याला वजन उतरवायला अर्धा तास मिळाला. भर उन्हात अंगात स्वेटर चढवून तो मैदानाभोवती धावत सुटला. मी खुर्चीवर बसून बघत होतो. दुसऱ्या वेळी खरं सांगायला काय हरकत होती? कुणी अडवलं होतं मला? तो घामाने निथळत आला. स्वेटर काढून पुन्हा काट्यावर चढला. चौसष्ट किलो शंभर. मी म्हणालो, पासष्ट किलो चारशे.

त्याच्या कॅप्टनने सगळ्यांसमोर विचारलं, "काय खाल्लं बे तू? खरं सांग."

"मायची शपथ, काहीच नाही," गजानन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता हा आकडा बघायला मागणार. पण तो म्हणाला, "काका, तुमचं तं चुकत नाही. माह्यंच काही चुकलं असन."

वडनेर हरलं. गजाननला त्यांनी पुन्हा संघात घेतलं नाही. 'यानं पोटासाठी गाव बुडवलं' असं तिकडे अजून बोलतात म्हणे. बाजारात आलेल्या वडनेरच्या एका माणसाने मला हे सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली. हो, डोलावली.

आता छाती मोकळी झालीय. इतकी, की त्याचीच लाज वाटावी. आज दुपारी हे लिहिता लिहिता उठलो, तर चार घास जास्तच जेवलो. हे वाचून उद्यापासून लोक माझ्या काट्यावर डोकावून बघतील, आणि बघावंच त्यांनी.

गजाननने त्या दिवशी खरंच काही खाल्लं नव्हतं. त्याचं वजन दोन्ही वेळा बरोबर होतं.