साहेबांची घळ

मूळ बेत अमेरिकेतल्या वाळवंटातल्या घळी उतरण्याचा होता. माझ्या नवऱ्याच्या साहेबांनी तसले व्हिडिओ पाहिले होते, आणि साहेबांनी काही पाहिलं की त्यांच्या हाताखालच्यांना ते करावंच लागतं. पण टोकियोतल्या बँकेत सलग तेवढी रजा कोण देणार? मग वाळवंटाऐवजी जपानमधलीच एक घळ ठरली. तीन दिवस दोरावरून धबधबे उतरायचे, डोहातून पोहायचं आणि काठावर झोपायचं.

व्हॉट्सॅप ग्रुपचं नाव मात्र ‘डेझर्ट’च राहिलं. सामानाची यादीही व्हिडिओतून जशीच्या तशी उचललेली, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर पिण्याच्या पाण्याच्या अर्धा डझन बाटल्या. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यातून चालायचं आणि पाठीवर पाणी वाहायचं! मी म्हटलं, “अहो सर, फिल्टर आहे माझ्याकडे.” तर साहेब म्हणाले, “वहिनी, शिस्त म्हणजे शिस्त.” बरोबरच्या दोन तरुण सहकाऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. माझ्या नवऱ्याने तर स्वतःच्या बाटल्यांवर साहेबांच्याही दोन घेतल्या.

मला घळींची सवय होती. माझ्या ऑफिसातल्या जपानी बायकांबरोबर मी दोन उन्हाळे हेच करत आले होते. पण साहेबांच्या लेखी मी ‘वहिनी’, म्हणजे थेपल्यांची सोय. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा, हे मी फुनाबोरीत, टोकियोतल्या आमच्या भारतीय वस्तीत, राहायला आल्यापासून बघत होते. दिवाळी कोणाच्या घरी करायची, गाडी कुठली घ्यायची, मुलीला कोतो भागातल्या भारतीय शाळेत घालायचं की नाही, सगळं साहेबांना विचारून. माझा नवरा हुशार आहे, कष्टाळू आहे, पण त्या माणसासमोर त्याच्या तोंडून ‘नाही’ बाहेर पडत नाही. मला त्या तीन दिवसांत एवढंच बघायचं होतं, की वेळ आल्यावर तरी ते पडतं का.

वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

सगळ्यात उंच धबधब्याच्या माथ्यावर दोर लावला होता. वर खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यातून दोर दुपदरी ओवतात, एकेक जण उतरतो, आणि सगळे उतरले की खालून एक टोक ओढून दोर काढून घेतात. मग वर परतायचा रस्ता उरत नाही. साहेब अर्थातच सगळ्यांच्या आधी उतरले, कारण लिफ्टमध्येसुद्धा त्यांच्या आधी कोणी शिरत नाही. मागोमाग ते दोघे तरुण गेले. वर राहिलो मी आणि नवरा.

तेवढ्यात पाणी बदललं. सकाळी तळाचे दगड मोजता येत होते, आता चहाच्या रंगाचं झालं आणि वरून पानं, काटक्या वाहत येऊ लागल्या. वर डोंगरात पाऊस झाला होता. माझ्या मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, असं दिसलं की वाद घालायचा नाही, बाहेर पडायचं. डाव्या हाताला रानातून रस्त्याकडे जाणारी पायवाट होती.

मी खाली ओरडून सांगितलं, “दोर आहे तोवर वर या!” खालून साहेबांचं उत्तर आलं, “वहिनी, आम्ही पावसाळ्यात सह्याद्री पालथा घातलाय!” आणि त्या दोघांचं हसणं.

मी नवऱ्याकडे वळले. “तू सांग त्यांना. तुला दिसतंय ना पाणी?”

“दिसतंय गं. तुझं बरोबरच आहे,” तो म्हणाला. “पण साहेब खाली उभे आहेत.”

आणि तो उतरला.

खाली पोहोचल्यावर त्याने वर बघितलं. मी मान हलवली, नाही येणार. साहेब ओरडले, “मग होऊ दे सिंहगड! परतीचे दोर कापून टाका!” शाळेत ऐकलेला इतिहास या लोकांना नको तिथे आठवतो. दोराचं टोक माझ्या नवऱ्याच्या हातात होतं. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं आणि ओढलं. दुसरं टोक सरसर वर आलं, माझ्या पायाशी कड्यातून सुटलं आणि खाली गेलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला भीती नाही वाटली, किळस वाटली.

मी पायवाटेने वर आले, रस्त्याला लागले आणि बचाव पथकाला फोन केला. पाणी एवढं चढलं होतं की त्यांनाही घळीत उतरता येईना. हे चौघे एका खडकाच्या कपारीत छातीशी गुडघे घेऊन बसले होते, पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. साहेबांचा एक बूट गेला होता. पाण्याच्या बाटल्या मात्र सगळ्या शाबूत.

पुढे फुनाबोरीतल्या प्रत्येक जेवणावळीत साहेब ही मोहीम रंगवून सांगू लागले. “वहिनींनी तेवढी माघार घेतली,” असं म्हणायचे आणि सगळे हसायचे. माझा नवराही हसायचा. घरी आल्यावर विचारायचा, “रागावलीस का?” मी ताटं धुवायला घ्यायचे.

या वसंतात साहेबांची मुंबईला बदली झाली. नवरा संध्याकाळी घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, “साहेब मलाही बरोबर चल म्हणतायत. काय करायचं आपण?”

माझी नोकरी इथे आहे, मुलगी इथे शिकते. मी म्हटलं, “आम्ही दोघी इथेच राहणार. तुझं काय ते तू साहेबांना विचार.”

मी टोमणा मारला होता. त्याने मान डोलावली आणि तो फोन घेऊन बाल्कनीत गेला.