घोड्याच्या समाचाराला

घोड्याच्या समाचाराला जाताना फळं न्यावीत की नाही, याबद्दल आपल्याकडे कुणीच काही सांगून ठेवलेलं नाही.

ईशान, ऋता, तुम्हाला तिकडे पुण्यात बसून वाटेल, आजीचं काहीतरीच! पण तुमच्या मेधाआत्याकडे खरोखरच घोडा आहे. नाव डंपलिंग. (एवढ्या धिप्पाड प्राण्याला हे नाव कुणी दिलं, असं विचारू नका. आत्यानंच दिलं.) आत्या आमच्यासारखीच इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला राहते आणि डंपलिंग गावाबाहेरच्या एका पागेत. गेल्या हिवाळ्यात तो चिखलात घसरला आणि त्याच्या पुढच्या पायाचा टेंडन फाटला. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "कित्येक महिने खोलीतच ठेवा. पळणं नाही, उसळणं नाही. एकदा जरी उधळला, तर जुळत आलेला टेंडन पुन्हा फाटेल. मग यावर कधीच बसता येणार नाही." ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले तरी भुवई न हलवणारी तुमची आत्या, पार्किंगमध्ये गाडीत बसून हुंदके देऊन रडली.

अशात तिला आठवडाभर कामासाठी परगावी जावं लागलं. जाताना तिनं घोडा आमच्यावर सोपवला.

"आई, प्लीज, त्याला एक्साइट करायचं नाही. ही हॅज टु बी बोअर्ड. पण टू बोअर्ड पण नाही!"

"म्हणजे नक्की कसा?"

"बोअर झाला की तो लाथा मारतो, आणि खूश झाला की उड्या मारतो. सो, मधेच कुठेतरी ठेवायचा."

"तुझ्या बाबांसारखा," मी म्हटलं. तुमचे आजोबा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. (बघा! ना आनंद, ना कंटाळा.)

पहिले दोन दिवस फार छान गेले. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगायचं, म्हणजे एकेक काडी ओढण्यात त्याचा वेळ जातो. गोड खाऊ अजिबात द्यायचा नाही, कारण त्यानं अंगात वारं शिरतं. मी सगळं वेळच्या वेळी केलं. डंपलिंग खालचा ओठ लोंबता सोडून डुलक्या घ्यायचा. घोड्यानं ओठ लोंबवला की तो निवांत आहे असं समजायचं.

आणि मग मी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या शैलाकाकूंना उलटा फोन केला.

"घरी नव्हता तुम्ही? बरं आहे ना सगळं?" काकूंनी विचारलं.

"आम्ही बरे आहोत हो. मेधाचा घोडा आजारी आहे. खोलीत पडून असतो बिचारा एकटा."

"अगंबाई! मग कुणी भेटायला गेलं की नाही?"

मुलांनो, इथे मी "नको" म्हणायला हवं होतं. पण चाळीस वर्षं आम्ही मंडळातल्या प्रत्येकाचं अपेंडिक्स, मोतीबिंदू आणि मूळव्याध बघून आलेलो. पेशंटला भेटायला कुणी आलं नाही, तर तो पेशंट कसला? शिवाय 'टू बोअर्ड' होऊ द्यायचा नव्हताच! मी विचार केला, लोक येणारच असतील तर शिस्तीत येऊ देत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी स्वतः टाकलं : डंपलिंगला भेटण्याची वेळ, शनिवार, चार ते पाच.

वेळ दिली नसती, तर आठवडाभरात एकेकटे आले असते. आता सगळे बरोबर चारला आले!

"अगं, हे काय? वऱ्हाड आलंय की काय?" आजोबा म्हणाले. गाड्यांची रांग पार फाटकापर्यंत गेली होती. शैलाकाकू रेशमी साडीत. मागून सफरचंदं, गाजरं, चहाचा थर्मास आणि स्टीलच्या भल्यामोठ्या डब्यात डिंकाचे लाडू. "हाडांना चांगले असतात हो!"

"गोड चालत नाही त्याला," मी म्हटलं.

"मग तुम्ही घ्या. पेशंटचं करून करून वाळलात!" (मी वाळले नव्हते. पण ऐकायला बरं वाटलं.)

सगळ्यांनी दारापाशी गर्दी केली आणि इस्पितळात काढतात तो आवाज काढला. "कसं वाटतंय आता?" "अशक्तपणा दिसतोय चेहऱ्यावर." "झोप लागते का रात्री?" डंपलिंगनं मान वर केली. लोंबता ओठ मिटला. कान टवकारले.

नाडकर्णीकाका हे आमच्यातले हाडांचे निवृत्त डॉक्टर. ते पुढे सरसावले. "काय डंपलिंगराव! पाय बघू!"

"काका, तुम्ही माणसांचे डॉक्टर ना?" मी ओरडले. काकांना कमी ऐकू येतं.

"टेंडन तो टेंडन!" काका म्हणाले. मग जाळीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगू लागले. ही हकिगत मंडळातल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे कुणी ऐकत नाही, आणि काकांनाही ते ऐकू येत नाही.

तेवढ्यात कुणीतरी सफरचंदाची पिशवी उघडली. प्लास्टिकची चुरचुर म्हणजे खाऊ, हे डंपलिंगला ठाऊक! तो खोलीत गोल गोल फिरायला लागला.

"पिशवी बंद करा! सगळे मागे व्हा!"

"दृष्ट लागलीय त्याला," शैलाकाकू म्हणाल्या आणि पर्समधून पुडी काढून मुठीत मीठ-मोहरी घेतली. घरूनच तयारीनं आल्या होत्या! (मिरच्या विसरल्या, हे देवाचे उपकार.) त्यांनी दारावरून हात आत घालून मूठ ओवाळली. एकदा ओवाळली, दोनदा ओवाळली. पण मीठ घोड्यांना जीव की प्राण! तिसऱ्या वेळी डंपलिंगनं काकूंची अख्खी मूठ बांगड्यांसकट चाटली.

काकूंनी जी किंकाळी फोडली! त्या मागे आल्या त्या थेट आजोबांवर, आजोबांच्या हातातला लाडवांचा डबा खाली, आणि त्याचं झाकण सिमेंटवर खणखणत पागेच्या पार दुसऱ्या टोकाला. बाकीचे घोडे खिंकाळू लागले. डंपलिंगचे डोळे पांढरे झाले, नाकपुड्या फुलल्या, तो मागच्या पायांवर दबला. आता हा उसळणार! मला पार्किंगमध्ये रडणारी मेधा दिसायला लागली. सगळे भिंतीला चिकटले.

फक्त एक आवाज चालू होता.

"...मग भूल देणारा म्हणाला, डॉक्टर, कमरेतून देऊ की पूर्ण देऊ? मी म्हटलं, कमरेतूनच दे..."

नाडकर्णीकाकांना काही ऐकूच आलं नव्हतं! तोच संथ, खर्जातला, न संपणारा सूर. डंपलिंगचा एक कान काकांकडे वळला. मग दुसरा. त्यानं एक लांब फुरफुर सोडली. मान हळूहळू खाली आली, आणि ओठ लोंबला.

पागेची मालकीण डोना धावत आली आणि माझ्या कानात कुजबुजली, "व्हॉट इज ही सेइंग?"

"हिज नी ऑपरेशन."

"डोन्ट लेट हिम स्टॉप!"

काका फिजिओथेरपीपर्यंत पोचले तेव्हा अंधार पडला होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला. टेंडन शाबूत! आत्या आधी मला खूप ओरडली आणि मग मला घट्ट मिठी मारून पुन्हा रडली. डंपलिंगला अजून कित्येक महिने शांत ठेवायचं होतं, पण काका निघाले होते मुलीकडे, पार्सिपनीला. आत्या हवालदिल.

"आई, आता कोण? वुई नीड समवन लाइक दॅट."

"असं बोलणारं माणूस शोधायचं कुठे गं?" मी म्हणाले. "आपल्यात तर कुणीच नाही."

आत्यानं आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी आत्याकडे. मग आजोबांनी खुर्ची आणून डंपलिंगच्या दारापाशी ठेवली आणि मला बसायची खूण केली.

मी बसले. कपाटात चादरी कशा लावाव्यात, या विषयावर बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला घोडा झोपला.

आजोबा पहिल्याच वाक्याला झोपले होते.